आकाशातून पडणारा अदृश्य कण रेडिओला कसा ऐकू येतो?

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना निरोप पुन्हा फिरला. आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळेत कॉस्मिक किरण पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, खाली नासाचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. "काहो ताई, खरं आहे का जी हे? मी तर फोन बंद करून देवघरात ठेवून दिला होता. मुलगा पुण्याहून रात्रभर फोन लावून राहिला, घाबरून गेला बिचारा."

काकूंना जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं, ते अर्धवट राहिलं. कारण निरोप खोटा आहे एवढंच सांगून भागत नाही. कॉस्मिक किरण खरे आहेत, आणि त्यांतले सर्वांत दुर्मिळ किरण पकडण्यासाठी माणसं वाळवंटात शेकडो अँटेना उभारून बसली आहेत. ती गोष्ट मला नीट सांगायची आहे.

## तळहातातून दर सेकंदाला एक

तुमचा तळहात आडवा धरा. साधारण दर सेकंदाला एक म्युऑन नावाचा कण त्यातून आरपार जातो. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच नातेवाईक, पण त्याच्या सुमारे दोनशेपट जड. दिवस असो, रात्र असो, डोक्यावर स्लॅब असो, तो येतच असतो. हे कण वरच्या हवेत तयार होतात, आणि ते तयार करणारे मूळ कण अंतराळातून येतात. त्या मूळ कणांना वैश्विक किरण, म्हणजेच कॉस्मिक किरण, म्हणतात. 'किरण' हे नाव जुन्या गैरसमजातून आलं. प्रत्यक्षात ते कणच आहेत: बहुतेक प्रोटॉन, काही हेलियमचे अणुगर्भ, थोडे त्याहून जड, लोखंडापर्यंतचे.

त्यांचा शोध लागला बलूनमधून. १९१२ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ५ किलोमीटरहून जास्त उंच गेला. जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे हवेवर होणारा परिणाम वर जाऊ तसा कमी व्हायला हवा होता, पण त्याच्या उपकरणांत तो वाढत गेला. म्हणजे काहीतरी वरून येत होतं. १९३६ मध्ये हेसला त्यासाठी नोबेल मिळालं.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की १२.३० ते ३.३० अशी कुठलीही वेळ नसते. आपण जन्मल्यापासून या कणांत न्हातो आहोत. जगभरच्या सरासरीने माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेला किरणोत्सर्ग मोजायचं माप) एवढा किरणोत्सर्ग मिळतो, त्यात वैश्विक किरणांचा वाटा ०.४ च्या आसपास. फोन बंद केल्याने त्यात तिळभरही फरक पडत नाही. उलट घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन रात्री बंद राहणं, हाच या निरोपातला खरा धोका आहे. म्हणून मला त्याचा राग येतो.

## एक किलो संत्री, पहिल्या मजल्यावर

आता दुर्मिळ कणांकडे वळू. २७ मे २०२१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात पसरलेल्या 'टेलिस्कोप अॅरे' या प्रयोगातली २३ उपकरणं एकदम जागी झाली. हिशेब केला तेव्हा कळलं, की सुमारे २४ वर १९ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक कण वातावरणात घुसला होता. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे कणांच्या दुनियेतलं ऊर्जेचं माप आहे. एक इलेक्ट्रॉन १ व्होल्टच्या फरकातून गेला की त्याला जेवढी ऊर्जा मिळते तेवढं. २०२३ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कणाला जपानी सूर्यदेवतेचं, अमातेरासूचं, नाव मिळालं. त्याआधी १९९१ मध्ये युटामध्येच याहून थोडा जास्त ऊर्जेचा एक कण नोंदला गेला होता.

शून्यं मोजून काही कळत नाही, म्हणून घरातलं माप घेऊ. अमातेरासूची ऊर्जा साधारण ४० ज्यूल. एक किलो संत्री अंगणातून उचलून चार मीटर वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ठेवायला लागते तेवढी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ती सगळी ऊर्जा एका अणुगर्भात कोंबलेली आहे, आणि एक किलो संत्र्यांत असे अणुगर्भ किती असतात याची मोजदाद करू गेलं तर पुन्हा शून्यांची रांग लागते. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात माणूस प्रोटॉनला जेवढी ऊर्जा देऊ शकतो, त्याच्या हा कण सुमारे साडेतीन कोटीपट.

निसर्गात हे कोण करतं? हा आजही उघडा प्रश्न आहे, आणि सगळी खटपट त्याच्यासाठी चालली आहे.

## एवढी जागा का लागते

अमातेरासूच्या पंक्तीतले कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एकसुद्धा पडत नाहीत. आपलं नागपूर शहर सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. पूर्ण शहरावर उपकरणं अंथरून वर्षभर वाट पाहिली तरी एखादा कण हाती लागेलच असं नाही. उपग्रहावर ठेवलेली टेबलाएवढी पेटी इथे कामाची नाही. जागा हवी, अफाट.

म्हणून अर्जेंटिनातल्या पिएर ओजे वेधशाळेने कण टिपण्यासाठी ३००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या १६६० टाक्या मांडल्या. प्रत्येकीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी, दोन टाक्यांत दीड किलोमीटर अंतर. नकाशावर पाहायचं तर ही वेधशाळा नागपूर जिल्ह्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापेल: रामटेकपासून सुरुवात करा आणि चालत राहा.

## नोट मोडत मोडत चिल्लर

पण एक कण दीड किलोमीटर अंतरावरच्या टाक्यांना एकाच वेळी कसा कळेल? कारण जमिनीपर्यंत तो एकटा येतच नाही.

समजा तुमच्याकडे मोठी नोट आहे. एका दुकानात ती मोडली, हातात दोन-चार लहान नोटा आल्या. त्या पुढच्या दुकानांत मोडल्या, आणखी लहान झाल्या. रक्कम तेवढीच राहते, नोटांची संख्या वाढत जाते. शेवटी नाणी उरतात आणि नाणं काही मोडता येत नाही. वैश्विक कणाचं असंच होतं. १५-२० किलोमीटर उंचीवर तो हवेतल्या नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुगर्भावर आदळतो. त्या टकरीत नवे कण जन्मतात, ते पुन्हा आदळतात, पुन्हा नवे जन्मतात. अमातेरासूसारख्या कणापासून हजारो कोटी कणांचा लोंढा तयार होतो. त्याला आपण कणवर्षाव म्हणू. ऊर्जा वाटून वाटून ठराविक मर्यादेखाली गेली की मोडणं थांबतं आणि वर्षाव विझू लागतो.

या मोडण्याचं गणित मांडण्यात होमी भाभांचा मोठा हात आहे. १९३७ मध्ये त्यांनी आणि वॉल्टर हाइटलर यांनी इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांचा असा लोंढा कसा वाढतो ते दाखवून दिलं. अणुऊर्जेचे भाभा आपल्याला माहीत असतात, वैश्विक किरणांचे भाभा फारसे कुणी सांगत नाही. कॉलेजात शिकवताना मी हे मुद्दाम सांगते.

लोंढ्याचा आकार लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. तो लांबट धारेसारखा नसतो, मोठ्या थाळीसारखा असतो: रुंदी शेकडो मीटर, मधल्या भागात जाडी मात्र काही मीटर. ही थाळी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येते.

## यात रेडिओ कुठून आला?

जुना ट्रान्झिस्टर आठवतो? मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली असताना लांब कुठेतरी वीज चमकली की त्यात खर्रकन आवाज व्हायचा. शेजारची स्कूटर सुरू झाली तरी खरखर. विद्युतभार झपकन हलला की रेडिओ तरंग निघतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. कणवर्षावात तर अब्जावधी विद्युतभारित कण आहेत. ते कसे हलतात ते बघू.

थाळीत इलेक्ट्रॉन असतात आणि जवळपास तेवढेच पॉझिट्रॉन. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, फक्त त्याचा भार धन. दोघे मिळून खाली येताना वाटेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र लागतं, तेच, ज्याच्यामुळे होकायंत्राची सुई उत्तरेला वळते. ते ऋण भाराला एका बाजूला ढकलतं आणि धन भाराला दुसऱ्या बाजूला. ऋण डावीकडे, धन उजवीकडे म्हणजेच आडवा विद्युतप्रवाह. लोंढा वाढतो तसा हा प्रवाह वाढतो, लोंढा विझू लागला की घटतो. प्रवाह बदलला की तरंग निघाले.

दुसरं एक कारण १९६२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गुर्गेन अस्कारियान यांनी सांगितलं. खाली येणारा लोंढा हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन झोडपून आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि त्यातले काही पॉझिट्रॉन वाटेतल्या इलेक्ट्रॉनांशी भेटून नाहीसे होतात. त्यामुळे थाळीवर थोडा ऋण भार शिल्लक पडतो. तोही रेडिओ तरंग देतो. हवेत याचा वाटा लहान असतो, बर्फात मात्र हाच मुख्य ठरतो.

खरी गंमत यापुढे आहे. एका इलेक्ट्रॉनचा तरंग इतका क्षीण, की त्याला कुठलाच अँटेना ऐकू शकणार नाही. मग सगळे मिळून ऐकू कसे येतात?

गणपतीतल्या ढोलपथकाकडे बघा. शंभर ढोल एकाच ठेक्यावर पडले की त्यांच्या आवाजाच्या लाटा एकमेकींवर बरोबर बसतात. लाटेची उंची शंभरपट होते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे दहा हजारपट. तेच शंभर जण मनाला येईल तसे वाजवू लागले तर ऊर्जा फक्त शंभरपट. छातीत धडधड होते ती ढोलांच्या संख्येमुळे कमी आणि ठेक्यामुळे जास्त. आणि हेच शंभर जण महालापासून धरमपेठेपर्यंत विखरून उभे केले तर? एकाच क्षणी टिपरू पडलं तरी आवाज तुमच्यापर्यंत मागे-पुढे येतील आणि ठेका फुटेल.

कणांच्या थाळीची जाडी काही मीटर आहे, हे वर सांगितलं ते यासाठी. ३० ते ८० मेगाहर्ट्झच्या रेडिओ तरंगांची लांबी साधारण १० ते ४ मीटर असते. थाळी तरंगापेक्षा जाड नसली की त्या तरंगाच्या दृष्टीने सगळे इलेक्ट्रॉन एकाच जागी उभे आहेत, एकाच ठेक्यावर. म्हणून निसर्गाने हा पट्टा जणू या कामासाठी राखून ठेवला आहे. जुन्या दूरदर्शनच्या काही वाहिन्याही याच पट्ट्यात असत, गच्चीवरचा मासोळीच्या काट्यासारखा अँटेना त्यांच्याचसाठी. कणवर्षाव ऐकणारा अँटेना त्याहून फार वेगळा दिसत नाही.

एवढा ठेका जमूनही रेडिओत येणारी ऊर्जा किती? ओजे वेधशाळेतल्या मोजणीनुसार, १ वर १८ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर्षावातून या पट्ट्यात सुमारे १ कोटी ५८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघतात. रुपयांत सांगायचं तर एक लाख कोटींतले १६ रुपये. आणि हे १६ रुपये पाहून मूळची लाख कोटींची रक्कम सांगता येते! लोंढ्यातले कण दुप्पट झाले की लाटेची उंची दुप्पट, हे नातं सरळ आहे.

## "मोटारसायकलचा स्पार्क नाही, हे कशावरून?"

हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि शास्त्रज्ञांनाही त्याने बेजार केलं. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रल बँक इथे ४४ मेगाहर्ट्झवर पहिल्यांदा असे ठोके पकडले गेले. दहा-बारा वर्षं कामही झालं. पण आजूबाजूचा गोंगाट इतका, आणि तेव्हाची उपकरणं इतकी अपुरी, की बहुतेकांनी तो मार्ग सोडला. २००० नंतर वेगवान डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झालं तेव्हा जर्मनीत कार्ल्सरूहे इथे आणि फ्रान्समध्ये नान्से इथे तो पुन्हा सुरू झाला.

आता ओळख पटवतात ती अशी. एक, ठोका अवघे काही दहा नॅनोसेकंद टिकतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, तेवढ्यात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. दोन, तो अँटेनांवर कोणत्या क्रमाने पोचला ते बघतात. पश्चिमेकडून पाऊस आला तर आधी वाडीला, मग अंबाझरीला, मग सीताबर्डीला, शेवटी पारडीला. फोनवर नुसत्या वेळा विचारल्या तरी ढग कुठून आला ते सांगता येतं. तसंच इथे, फक्त वेळ नॅनोसेकंदांत. स्पार्क असेल तर दिशा क्षितिजाकडे निघते, आणि त्याच त्या जागेकडे पुन्हा पुन्हा. तीन, तरंग कोणत्या बाजूला डोलतो. चुंबकीय क्षेत्रामुळे तो डोलण्याची दिशा आधीच ठरलेली असते, मोटारसायकलला ते बंधन नाही. आणि शेजारी पाण्याच्या टाकीने त्याच क्षणी कण मोजले असतील तर शंका उरतच नाही.

माणसाचा सगळा गोंगाट वजा केला तरी पार्श्वभूमीला एक सूं-सूं राहते. ती आपल्या आकाशगंगेची. अँटेना जागेवर खिळलेला आणि आकाश फिरतं, म्हणून ती रोज चढते-उतरते, आणि रोज चार मिनिटं आधी, ताऱ्यांच्या उगवण्यासारखीच. शास्त्रज्ञ याच सूं-सूंवर आपले अँटेना पारखून घेतात. आकाशगंगेला तराजूचं वजन म्हणून वापरण्याची ही कल्पना मला फार आवडते.

## "टाक्या आहेत, दुर्बिणी आहेत, मग अँटेना कशाला?"

कणवर्षाव हवेतून जाताना नायट्रोजन अगदी मंद चमकतो. ती चमक टिपणाऱ्या खास दुर्बिणी आहेत, आणि त्या उत्तम काम करतात. पण फक्त काळोख्या, निरभ्र, चांदणं नसलेल्या रात्री, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे १५ टक्के. अँटेना दिवसाही ऐकतो, ढग असतानाही ऐकतो.

टाक्यांची अडचण वेगळी. त्या फक्त जमिनीवर पोचलेले कण मोजतात. वर्षाव कुठे भरात आला होता, हे त्यांना थेट कळत नाही. आणि मूळ कण प्रोटॉन होता की लोखंडाचा अणुगर्भ, हे नेमकं त्यावरच ठरतं. नोटांकडेच परत जाऊ. प्रोटॉन ही एक मोठी नोट. लोखंडाचा अणुगर्भ म्हणजे तेवढ्याच रकमेच्या ५६ लहान नोटांचं बंडल. बंडलाची चिल्लर लवकर होते, म्हणजे वर्षाव अधिक उंचीवर भरात येतो. रेडिओ तरंग हवेत विरत नाहीत, म्हणून ती उंची जमिनीवरच्या त्यांच्या ठशात जशीच्या तशी उतरते. नेदरलँड्समधल्या लोफार या दाट अँटेना-जाळ्याने हे मोजमाप फार बारकाईने करून दाखवलं.

तिरके, क्षितिजाला टेकून येणारे वर्षाव तर अँटेनांचंच राज्य. त्यांना इतकी हवा ओलांडावी लागते, की म्युऑन सोडून बहुतेक कण वाटेतच संपतात. रेडिओ तेवढा पोचतो, आणि त्याचा ठसा कित्येक चौरस किलोमीटर पसरतो. म्हणून ओजे वेधशाळेने आधी १५३ अँटेना लावून अनुभव घेतला आणि नंतर दीड-दीड किलोमीटरवरच्या टाक्यांवरच अँटेना बसवायला घेतले.

एक मर्यादा खरी आहे: वादळ. गडगडाटी ढगांतलं विद्युतक्षेत्र कणांना भलतीकडे ढकलतं आणि सगळा हिशेब बिघडवतं. पण लोफारच्या लोकांनी तेच उलटं वापरलं आणि बिघडलेल्या ठशावरून ढगातलं विद्युतक्षेत्र मोजलं. आपल्याकडे उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात म्युऑन मोजून १ डिसेंबर २०१४ च्या वादळात १३० कोटी व्होल्टचा दाब नोंदवला गेला. दरवर्षी विजा पडून शेतात माणसं दगावतात अशा विदर्भात राहताना, ढगाच्या पोटात नेमकं काय चालतं हे कुणी मोजतंय याचं मला मोल वाटतं.

## "मग नागपुरात का नाही?"

विद्यार्थी हे हमखास विचारतात. अँटेना स्वस्त, जागा भरपूर, मग अडचण काय? अडचण आपण स्वतः. एफएम केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर बोलतात, ती टाळता येतात, पण जवळ असली तर त्यांच्या जोरापुढे नाजूक उपकरण बधिर होतं. त्यावर कोराडी-खापरखेड्याहून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा, विजेवरची रेल्वे, मेट्रो, लाखो चार्जर आणि एलईडी दिवे. यांतल्या प्रत्येकाची आपली खरखर असते. म्हणून ही मंडळी शांतता शोधत लांब जातात: अर्जेंटिनाचं पठार, ग्रीनलंडचा बर्फ, चीनचं गोबी वाळवंट.

गोबीतला प्रयोग ३०० अँटेनांच्या आराखड्याने सुरू झाला, आणि त्यामागचं स्वप्न २ लाख अँटेनांचं आहे, २ लाख चौरस किलोमीटरवर. तिथल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो नावाचे कण हवे आहेत. त्याचं कारण असं, की प्रोटॉनसारखा भारित कण वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत वळत वळत येतो, त्यामुळे तो कुठून निघाला ते सांगणं कठीण. अमातेरासूची दिशा मागे नेली तर आकाशाच्या जवळजवळ रिकाम्या भागाकडे बोट जातं. न्यूट्रिनोला भार नाही, तो सरळ येतो. मात्र तो कशाशी आदळतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून युक्ती अशी: तो डोंगरातून तिरका घुसताना क्वचित खडकाशी आदळतो, त्यातून टाऊ नावाचा कण निघतो, तो डोंगराबाहेर येऊन हवेत फुटतो आणि आडवा वर्षाव तयार करतो. समोरच्या उतारावर अँटेना लावून त्याची वाट पाहायची. ग्रीनलंडमध्ये डोंगराऐवजी बर्फ आहे, आणि तिथे अस्कारियान यांचा ऋण भार कामाला येतो.

एवढं मात्र कळलं आहे, की सर्वांत जोरकस कण आपल्या आकाशगंगेबाहेरून येतात. ओजे वेधशाळेने २०१७ मध्ये तसा पुरावा दिला. आणि ते फार लांबूनही येत नसावेत, कारण विश्वभर पसरलेल्या मंद सूक्ष्मतरंगांशी टकरा घेत त्यांची ऊर्जा वाटेत खर्च होते. हे गणित १९६६ पासून माहीत आहे.

## "आपल्याला यात काय?"

काकूंनी हेच विचारलं, तेही खरंखुरं उत्तर हवं म्हणून. त्यांच्या निरोपात एक कण सत्याचा होता, तो मी त्यांना सांगितला. वैश्विक किरणांतून निघालेले कण इलेक्ट्रॉनिक चिपमधली एखादी नोंद अधूनमधून उलटवतात, शून्याचा एक करतात. विमानांतल्या आणि मोठ्या सर्व्हरमधल्या यंत्रणा म्हणूनच अशा चुका ओळखून दुरुस्त करतील अशा बांधलेल्या असतात. घरातला फोन देवघरात ठेवून यातलं काही बदलत नाही.

आणि आपला वाटा म्हणाल, तर तो येतो आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 'स्क्वेअर किलोमीटर अॅरे' या रेडिओ दुर्बिणीचे १,३१,०७२ छोटे अँटेना उभे राहत आहेत, माणसाच्या उंचीहून थोडे उंच, झाडासारखे दिसणारे. त्यातले हजारो एका किलोमीटरच्या वर्तुळात दाट लावलेले असतील. ते मुख्यतः दूरच्या आकाशाचा अभ्यास करणार आहेत, पण डोक्यावरून जाणारा कणवर्षावही टिपायचा बेत आहे. आज एका वर्षावाची नोंद फार तर शेकडो अँटेना करतात, तिथे हजारो करतील. भारत या प्रकल्पात सहभागी आहे, केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि इथल्या कामाची सूत्रं पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आहेत. माझ्या वर्गातल्या दोघी मुलींनी तिथे अर्ज कसा करायचा ते परवा विचारलं.